बाराचं अ‍ॅव्हरेज

बहीण : वास घ्यायला नका सांगू, मिस्त्री. रंग दिसतोय मला. हे तेल लाल असतं ना?

मिस्त्री : लाल असतं, सरबतासारखं. आता बघा, बोटावर नुसती काजळी येतेय. गिअरबॉक्सच्या आतल्या प्लेटा जळल्यात, ताई. त्या एकमेकींना घट्ट धरतात म्हणून गाडी ओढली जाते. त्यांनी धरणंच सोडलंय. म्हणून तुम्ही पुढे जायचा डी गिअर टाकून पाय दिला की इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही.

भाऊ : मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. ऑटोमॅटिक पिकअप म्हणजे पांढरा हत्ती. साधी गिअरची घेतली असती तर ही वेळ आली नसती. आता एक काम करू, चिंगे –

बहीण : मिस्त्रींसमोर चिंगी म्हणू नकोस.

भाऊ : बरं, बाईसाहेब. ही देऊन टाकू आणि साधी घेऊ. मी चालवेन. तू वर नर्सरीत रोपं बघ, मी खाली गिऱ्हाइकांना पोचवतो. तू कशाला उन्हातान्हात फिरायचं?

बहीण : आणि साधी गाडी मी कशी चालवू? क्लच तू दाबणार का, शेजारून पाय घालून?

भाऊ : म्हणून तर म्हणतोय, मी चालवेन.

बहीण : नऊ वर्षं मी शेजारच्या सीटवर बसले, दादा. कधी तुझ्या, कधी भाड्याच्या ड्रायव्हरच्या. कुंडी फुटली तरी गप्प. रोपं तासभर उन्हात उभी ठेवली तरी गप्प. कारण काय, तर डावा पाय क्लचवर ठरत नाही. दोन वर्षांपूर्वी ही गाडी आली आणि मला कुणाची मनधरणी करायची गरज उरली नाही. उठले, बसले, गेले. ती देऊन टाकू?

भाऊ : भावनेवर गाडी चालत नाही.

बहीण : तू सांगतोस तशीही चालत नाही.

मिस्त्री : भांडण मागाहून करा. मला आधी एक कळू द्या. गाडी दोन वर्षांची. तेल मी स्वतः सहा महिन्यांपूर्वी बदललं. गिअरबॉक्स असा उगाच जळत नाही, कुणीतरी जाळावा लागतो. ताई, चढावर थांबताना ब्रेक न दाबता रेसवर गाडी धरून ठेवता का?

बहीण : नाही. ब्रेकच दाबते.

मिस्त्री : गाडी पुरती थांबायच्या आधी पार्किंगचा पी टाकता?

बहीण : मिस्त्री, गाडी आणली तेव्हा तुम्ही मला याच गल्लीत दोन तास पुढे-मागे करायला लावलं होतं. डावा पाय सीटखाली ओढून बसा, त्याला काही काम नाही, असं बजावलं होतं. मी अजून तशीच बसते.

मिस्त्री : आठवतंय. मग तुम्ही नाही. दुसरं कोण चालवतं?

बहीण : मंगळवारी आणि शुक्रवारी हा.

भाऊ : झालं. वड्याचं तेल वांग्यावर. अहो मिस्त्री, पोरसवदा होतो तेव्हापासून गाड्या चालवतोय मी. हिच्याहून माझ्या हातात गाडी जास्त खूश असते. विचारा तिला अ‍ॅव्हरेज. हिच्या हातात लिटरला नऊ, माझ्या हातात बारा.

मिस्त्री : बारा?

भाऊ : कधीकधी साडेबारा.

मिस्त्री : ही गाडी, वरचा घाट आणि मागे ओल्या मातीची रोपं. बारा तर गाडी बनवणाऱ्यालाही काढून दाखवता यायचे नाहीत.

भाऊ : हातात कसब लागतं. बाबांनी शिकवलेलं.

मिस्त्री : काय शिकवलेलं?

भाऊ : आता ते काय सांगायचं. पायाचा दाब. अंदाज. आतूनच यावं लागतं.

बहीण : मलाही गाडी बाबांनीच शिकवली, क्लचची. मला नाही सांगितलं असलं काही.

भाऊ : तू लहान होतीस.

बहीण : एकोणीस वर्षांची होते.

मिस्त्री : थांबा जरा. मशीन लावलंय, ते काय म्हणतं बघू. या गाडीला काही खटकलं की ती तेवढ्या क्षणाचं टिपून ठेवते. वेग किती, गिअर कुठला, इंजिन किती फिरत होतं, तारीख कुठली. तिला बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

भाऊ : मशीनं काहीही दाखवतात हो. माझा फोन रोज सात हजार पावलं दाखवतो, आणि मी खाटेवरून हललेलो नसतो.

बहीण : ते मात्र खरं आहे.

(मिस्त्री हातातला स्क्रीन तिच्यापुढे धरतो.)

मिस्त्री : तुम्हीच वाचा, ताई. मोठ्याने वाचा.

बहीण : वेग बासष्ट. गिअर एन. इंजिनचे फेरे शून्य. खाली अजून आहे. अठ्ठावन्न, एन, शून्य. पासष्ट, एन, शून्य. ही तारीख... मंगळवार. ही शुक्रवार. हा पण शुक्रवारच. म्हणजे काय, मिस्त्री? गाडी बासष्टने पळतेय आणि इंजिन बंद?

मिस्त्री : उतार लागला की न्यूट्रल करायचं, चावी फिरवून इंजिन बंद करायचं आणि फुकटात घाट उतरायचा. खाली आलं की परत चावी मारायची आणि धावत्या गाडीत डी ढकलायचा. असे निघतात बारा. बरोबर ना हो, साहेब?

भाऊ : सगळे करतात.

मिस्त्री : कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. अहो, या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं की पंप बंद. चाकं आतलं सगळं गरागरा फिरवतायत आणि वर तेल येत नाही. रिकामी कढई चुलीवर ठेवून विसरल्यासारखं आहे ते.

भाऊ : पंप कुठे असतो ते मला काय माहीत?

बहीण : माहीत नव्हतं तर विचारायचं. गाडी माझी आहे.

भाऊ : आपली आहे.

बहीण : नर्सरी आपली. घर आपलं. आई आपली. गाडी माझी आहे, दादा. वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली आहे. आणि ती जाळून तू मलाच शहाणपण शिकवत होतास, पांढरा हत्ती म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा.

भाऊ : डिझेल तुझंच वाचत होतं ना? मी काय घरी नेत होतो? हेतू तर चांगला होता.

मिस्त्री : हेतूचं राहू द्या. गिअरबॉक्सचंही राहू द्या, तो मी बांधून देईन. तुम्ही धडधाकट इथे उभे आहात, ते नशीब समजा. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या मागची ताकद जाते. पहिले एक-दोन दाब लागतात. मग पेडल दगड होतं. वर उभं राहिलात तरी खाली जात नाही.

भाऊ : बरं, बरं. कळलं. चुकलो. किती दिवस लागतील तेवढं सांगा.

बहीण : एक मिनिट. पेडल काय होतं म्हणालात?

मिस्त्री : दगड होतं. कडक.

बहीण : याच गाडीत, की जुन्या क्लचच्या गाडीतही?

मिस्त्री : सगळ्याच. जुन्या टेम्पोत तर जास्तच.

भाऊ : चल गं, ऊन चढतंय. मिस्त्रींना त्यांचं काम करू दे.

बहीण : ‘पेडल दगडासारखं झालं, बाबा.’ तू म्हणाला होतास. अपघातानंतर हॉस्पिटलमध्ये, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून. तुम्हाला दोघांना वाटलं मी झोपलेय.

भाऊ : ब्रेक फेल झाले होते. साऱ्या गावाला माहीत आहे.

बहीण : मिस्त्री, ब्रेकचं तेल गळून ब्रेक फेल झाले, तर पेडल कडक होतं का?

मिस्त्री : ताई, मी तिथे नव्हतो.

बहीण : मी होते. कडक होतं का?

मिस्त्री : नाही. भसकन खाली जातं. पोकळ लागतं.

बहीण : दादा, त्या दिवशी कुंड्या वाजत होत्या.

भाऊ : कसल्या कुंड्या?

बहीण : टेम्पोत मागे मातीच्या कुंड्या होत्या, पेंढा घालून रचलेल्या. त्यांची किणकिण मला ऐकू येत होती. आणि खिडकीतला वारा. त्या टेम्पोचं इंजिन चालू असताना तुला शेजारी बसूनही ओरडून बोलावं लागायचं, आणि मला कुंड्या ऐकू येत होत्या. अकरा वर्षं मी समजत होते, घाबरलेल्या माणसाला असे भास होतात.

भाऊ : तुला नीट आठवत नाही. डोक्यालाही मार होता.

बहीण : वळणाच्या आधी तू चावीला हात घातलास. दोनदा. मला कळेना, भिंत समोर येतेय आणि हा चावी कसली चाचपतोय. इंजिन बंद केलं होतंस का?

भाऊ : बाबा रोज करायचे. त्यांनीच शिकवलं मला.

बहीण : बाबांचं नाही विचारलं मी.

भाऊ : हो.

बहीण : काय हो?

भाऊ : बंद केलं होतं.

मिस्त्री : मी चहाचं सांगून येतो.

बहीण : नाही, मिस्त्री, तुम्ही थांबा. आमच्यात घरातल्या घरात बोललेलं संध्याकाळपर्यंत पुसलं जातं. बाहेरच्या एका माणसाने ऐकलेलं बरं. दादा, आदल्या दिवशी टेम्पोचे ब्रेक दाखवून आणायचं काम कुणावर होतं?

भाऊ : कशाला उकरतेस आता?

बहीण : कुणावर होतं?

भाऊ : तुझ्यावर.

बहीण : आणि मी गेले नाही. मैत्रिणीच्या घरी जाऊन गप्पा मारत बसले आणि घरी सांगितलं, दाखवले, सगळं ठीक आहे. अकरा वर्षं हे ओझं घेऊन फिरतेय मी. पाय गेला तो माझ्याच कर्माने गेला, दुसऱ्याला बोल लावायला जागा नाही. आई अजून म्हणते, भाजी निवडता निवडता, ‘तेवढे ब्रेक दाखवून आणले असतेस तर.’ त्यावर तू काय म्हणायचास?

भाऊ : मी कायम तुझीच बाजू घेतली.

बहीण : ‘जाऊ दे आई, लहान होती ती.’ मला माफ करायचास तू. ऐकताय ना, मिस्त्री? हा मला माफ करायचा. आणि मी मनातल्या मनात याचे पाय धरायचे. माझ्यामुळे मरायची वेळ आली होती याच्यावर, पण कधी वाकडा शब्द बोलला नाही, असा भाऊ कुणाला मिळतो? म्हणून मंगळवार-शुक्रवार याला गाडी दिली. नाही म्हणायला तोंडच नव्हतं मला.

भाऊ : बाबा म्हणाले, ब्रेक फेल झाले एवढंच सांग. पोलीस आले होते. माझं लायसन गेलं असतं. तेवीस वर्षांचा होतो मी, गाडी चालवण्याशिवाय काही येत नव्हतं. वाटलं, तू बरी झालीस की सांगू. मग तूच एक दिवस रडत सांगितलंस, मी ब्रेक दाखवलेच नव्हते म्हणून. आणि मग...

बहीण : मग काय?

भाऊ : आयतं मिळालं.

बहीण : आयतं मिळालं.

भाऊ : खोटं कशाला बोलू आता?

बहीण : बाबा शेवटपर्यंत माझ्याशी डोळ्याला डोळा देऊन बोलले नाहीत. मला वाटायचं, रागावलेत माझ्यावर. त्यांच्या उशाशी बसून मी माफी मागितली होती, दादा. तू दारात उभा होतास. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि तू मला बाहेर घेऊन आलास, पाणी दिलंस.

भाऊ : त्यांना सहन होत नव्हतं.

बहीण : मला होत होतं?

मिस्त्री : ताई, बसा जरा. स्टूल घ्या.

बहीण : मला नाही बसायचं. आणि हे सगळं करून, माझं चालणं रोज डोळ्यांनी बघत, तू त्याच घाटात परत चावी बंद केलीस. आठवड्यातून दोनदा. कशासाठी, तर बाराच्या अ‍ॅव्हरेजसाठी. चार लोकांत सांगायला.

भाऊ : सवय आहे गं ती. उतार दिसला की हात जातो.

बहीण : मला वाटलं होतं, त्या घाटात तरी तुझा हात चावीकडे जाणार नाही. अजूनही मी पहिल्या गिअरमध्ये उतरते तिथून, मागचे लोक हॉर्न मारून जीव नकोसा करतात तरी. म्हणून माझे नऊ.

भाऊ : काय करू सांग. तू म्हणशील ते करतो.

बहीण : मिस्त्री, गिअरबॉक्स उतरवा. प्लेटा सगळ्या नव्या घाला.

मिस्त्री : तीन आठवडे तरी लागतील. सामान बाहेरून मागवावं लागतं.

बहीण : लागू देत. आणि चावी माझ्याशिवाय कुणालाही द्यायची नाही. घरातला माणूस आला तरी.

मिस्त्री : नाही देणार.

भाऊ : अगं, शिव्या तरी दे मला. अशी दगडासारखी उभी राहू नकोस.

बहीण : शिव्या देईन. उद्यापासून रोज देईन, काळजी करू नकोस. तू इथे कसा आलास?

भाऊ : बाईक आहे ना. पलीकडे सावलीत लावलीय. चल, घरी सोडतो तुला.

बहीण : मी चालत येते.

भाऊ : या उन्हात? दीड किलोमीटर आहे. तुझ्या पायाला –

बहीण : मला पोचायला पाऊण तास लागतो. तू पुढे जा. मी दारात येईपर्यंत आईला सगळं सांगून झालेलं असू दे.