पदराकडं बघायची नोकरी

च्या आधी पिऊन घे शांते, न्हाईतर हासताना नाकातनं यील. माझी मातर आजबी मान खाली जाती.

लातूर नवा जिल्हा झालता अन् दुष्काळ पडलता. रानात काम न्हाई, म्हून मी तिथं डाळ मिलीत लागले. एक दिवस सरकारी इंजिनियर आला. मशिनीनं कुणाला इजा होऊ नये हे बघायची त्याची नोकरी, ती बी नवी कोरी. मिसरूड फुटल्यालं पोरगं, मला म्हणतंय, "मावशी, पदर खोचा. पट्ट्यात जाईल."

मला काय, आयतं सावज घावलं. मी वरडले, "अगं बया! सायेब पदराकडं बघून राहिलाय! लगीन झालं न्हाई वाटतं?"

बाया लोळूलोळू हासल्या. पोरगं कानापत्तोर लाल झालं. पर गेलं न्हाई. मोटारीच्या बटनापाशी जाऊन हुबं राहिलं.

मी लई तोऱ्यात वळले, अन् पदर गेला की पट्ट्यात! लुगडं गरकन वडलं गेलं. तेवढ्यात त्यानं मोटार बंद केली. मी हुबी, वर नुसती चोळी अन् निम्मं लुगडं पट्ट्यात.

पोरानं भिताडाकडं तोंड केलं, हात मागं करून रिकामं पोतं मला दिलं, अन् हळूच म्हणलं, "मावशी, पदराकडं बघायचीच नोकरी हाय माझी."

पोत्यानं अंग झाकावं का तोंड, मला काय बी उमजंना बघ.