अण्णांचं आंतरदेशीय

गेल्या महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा, सदाशिव पेठेतला एका क्लबचा हॉल, पाकिटात पाच हजार एक रुपये आणि समोर सव्वीस माणसं, मी मोजली, त्यातली चार आमच्याच घरची. जुन्या खेळाडूंचा सत्कार होता. मी डावखुरा फिरकी गोलंदाज, बाविसाव्या वर्षी राज्याच्या संघातून दोन सामने खेळलो, एकशे एकतीस धावा दिल्या, सात बळी घेतले, आणि तिसऱ्या सामन्याच्या यादीत माझं नावच नव्हतं. काय सांगू तुम्हाला, तीन आठवड्यांत संपली कारकीर्द.

का काढलं ते मी कधी विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारायला जाणं म्हणजे लाचारी. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून, ते म्हणायचे आपली लायकी आपल्याला ठाऊक हवी. मी धरून चाललो की नव्हती लायकी. बँकेची परीक्षा दिली, लागलो, सदतीस वर्षं केली, आणि सदतीस वर्षं डोक्यात एकच, दुसऱ्या डावात तो एक चेंडू आखूड पडला, तिथंच गेलं सगळं. मुलानं बॅट मागितली तर म्हटलं, आपल्या घरात ते नाही.

सत्कारानंतर तेव्हाचे स्कोअरर भेटले, आता ऐंशीचे आहेत, निवड समितीचा पत्रव्यवहारही तेच बघायचे. कपाट आवरताना सापडलं म्हणाले, आणि हातात एक आंतरदेशीय पत्र ठेवलं. अक्षर अण्णांचं. चिरंजीवांची बँकेची परीक्षा आहे, तरी यापुढे संघासाठी त्यांचा विचार होऊ नये, ही विनंती. हे आलं कुठून, मी जरा मोठ्यानंच विचारलं. ते घाबरले, म्हणाले, अहो, तुमच्याच घरून आलेलं, मला वाटलं तुम्हीच लिहायला सांगितलंत.

तसाच कोथरूडला घरी आलो. गुडघ्यांमुळे अण्णा कार्यक्रमाला आले नव्हते, नव्वदीला टेकलेत, पण कान तिखट. पत्र समोर धरलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, हो, माझंच. मग? नोकरी लागली ना?

मी म्हटलं, अण्णा, मी सात बळी घेतले होते.

त्यांनी चष्मा काढून पत्रावर ठेवला. मग म्हणाले, सात म्हणजे बरे का रे?

त्या सामन्यांना चाळीस वर्षं होऊन गेली, एकाच घरात राहतोय आम्ही, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. भांडायला आलो होतो, काय भांडणार? बरे होते, म्हटलं, आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, नाणं वर ठेवलं, म्हणाले, पाच हजार एक. बरोबर आहे.