दीड तासात नाशिक!

...अन् मोबाइल काय दाखवते? तर म्हणे नागपूर ते नाशिक, विमानानं दीड तास! हौ का? मंग आमच्या धरमपेठेतल्या आनंदरावाले विचारा ना, केवढा असते तो दीड तास!

तुम्हाले सांगतो, त्याईची पोरगी लतिका नाशिकले, अन् तिच्या पोराचं बारसं. जावयाले बहीण नाही, म्हणून कानात नाव सांगाचा मान आजोबाले. आनंदरावानं नाव ठरवलं, पण सांगतील तर शपथ! बायकोलेही नाही! यमुताई म्हणे, "माह्यासंग आदल्या दिवशी रेल्वेनं चला ना जी." तर हे हसले! "जाय तू रातभर हाडं खिळखिळी करत. मी सकाळी चहा पिऊन निघतो. दीड तासात नाशिक!"

आता बघा, विमान दीड तासाचं, अन् विमानवाले म्हणतात दोन तास आधी या! म्हणजे भाजीपेक्षा फोडणी मोठी! बरं, गेले. पट्टा काढा, जोडे काढा... एका हातानं पॅन्ट धरून आनंदराव उभे. मंग काउंटरवरची पोरगी गोड आवाजात, "सर, नाशिकमध्ये धुकं आहे, थोडा उशीर होईल." थोडा! तो थोडा संपेपर्यंत आनंदरावाची एक झोप झाली, चारचौघात घोरणं झालं.

शेवटी उडालं बाबा. नाशिकच्या वर पोचलंही! अन् मंग काय... गोल. पुन्हा गोल. जसं काही खाली ओळखीचं घर शोधून राहिलं! तेवढ्यात पायलट, तोंडात कापूस कोंबल्यासारखा, "धुंध के कारण हम वापस नागपुर जा रहे हैं..."

"अरे काहून वापस?" आनंदराव उठूनच उभे. "मले इथंच उतरवा ना, मी चालत जातो!"

"सर, सीट बेल्ट," हवाई सुंदरी हसून म्हणे.

उतरले, तर वरून घोषणा, "नागपुर में आपका स्वागत है!" घ्या! जन्म गेला ज्या गावात, तिथंच स्वागत! दीड तासात नाशिक म्हणे!

फोन वाजला. यमुताई. "कुठं पोचले जी? पाळण्याभोवती सारे खोळंबले!"

"नागपूरले."

"अजून निघालेच नाही?"

"निघालो होतो वं! नाशिकवरून फिरून आलो!"

आता नाव कोणाले माहीत? याईलेच! मंग व्हिडिओ कॉल. यमुताईनं फोन पोराच्या कानाले लावला, अन् इकडं सामानाच्या पट्ट्यापाशी आनंदराव जोरात, "कुर्रर्रर्र!" बंदूकवाला जवान धावत आला, "अंकल, सब ठीक है?" आनंदरावानं त्याले हातानं थांबवलं, फोनवर वाकले, अन् डोळ्यात पाणी आणून म्हणाले, "गगन!"

नेमका तेव्हाच वरचा भोंगा कोकलला, "कृपया अपने सामान का ध्यान रखें..."

तिकडं टाळ्या! यमुताई म्हणे, "मगन! काय गोड नाव काढलं जी!"

"मगन नाही वं! गगन! ग... गणपतीचा ग!"

पण ऐकते कोण? बाया पाळणा म्हणाले लागल्या होत्या. गाणं संपल्यावर लतिका फोनवर आली, "बाबा, राहू द्या आता. पेढे वाटून झाले. अन् मगन म्हटलं की हसून राहिला तो."

आनंदरावानं पट्ट्यावरून बॅग उचलली. मंग त्या जवानालेच म्हणाले, "जाऊ दे गा... घरात एक जण तरी मगन पाहिजे."