आयेनं पाहिलेला गोल

शेजारच्या बाकावरच्या बाईच्या हातून फुलपात्र खणकन् फरशीवर पडलं आणि लोणावळ्याच्या दवाखान्यातली शांतता मोडली. माझ्या मांडीवरची यमू दचकली. तिच्याजवळ बसलेल्या तिच्या तरुण मुलानं दोन्ही हातांनी पट्टी बांधलेलं डोकं दाबून धरलं.

“हळू गं आये! आत डागदर काय म्हनला तुला?”

“तिसऱ्यांदा डोस्क्याला मार बसलाय, आता हॉकी बंद. पुन्यांदा लागलं तर जीवच जाईल म्हनला.”

“मंजी रेलवेची टीम गेली. म्हमईच्या सामन्याला निवडनार व्हते मला.”

“जाऊंदे. मला भात लावायला गडी मिळाला.”

“लय खूश दिसतीस!”

“हायेच खूश. जित्ता हाईस न्हवं?”

“बरं, त्यो शेवटचा गोल सांग की. मला कायबी आठवत न्हाई.”

“किती येळा सांगू, बजरंगा? चेंडू कपाळाला लागून पडलास, उठलास, आन् समद्यांना चुकवून गोल केलास. मी मैदानाच्या तारेपाशी हुबी व्हते.”

“काल सांगितलंस तवा तिघांनाच चुकवलं व्हतं मी!”

“आज समद्यांना. तुजं काय जातंय?”

दोघंही पोट धरून हसली. यमूनं माझा पदर ओढला.

“आई, त्यांना आठवतच नाही, तर मग तो गोल कुणाचा?”