मशीनवरची दुपटी

लेक : आई, ही दुपटी मशीनवर कोणी वाळत घातली?

आई : हळू बोल, आत्ता कुठे डोळा लागलाय बाळाचा. मीच घातली. बाहेर ऊन नाही, आणि तिथे मागून छान गरम वारा येतो.

लेक : अगं, तो वारा बाहेर पडायला हवा! कोंडला की आतलं तापतं. आणि तापलं की गणित चुकतं.

आई : अगं बाई! काढते, काढते. कॉम्प्युटर चुकतो?

लेक : एकदा चुकला तरी सगळं पाण्यात. तीन महिने एकच संख्या तपासतोय तो. लिहायला बसलं तर घराच्या भिंती पुरणार नाहीत, एवढी मोठी. ही चाचणी साध्या भागाकाराच्या उलट असते: शेवटी बाकी शून्य आली, तर ती मूळ संख्या.

आई : एक आणि ती स्वतः, दुसऱ्या कशाने भाग जात नाही, तीच ना? होतं मला शाळेत. मग? आली शून्य?

लेक : नाही आली.

आई : ...माझ्यामुळे?

लेक : तेच आता कळेल. मैत्रिणीच्या मशीनवरही हेच चालू होतं. तिचं काल संपलं, पण माझं होईपर्यंत सांगायचं नाही असं ठरलंय. तिची बाकी शून्य असेल, तर माझं मशीन चुकलं आणि संख्या मूळ. दोघींची सारखीच आली, तर...

आई : तर माझी दुपटी सुटली.

लेक : आणि माझी संख्या गेली.

आई : एका संख्येसाठी इतका जीव टाकतात का गं?

लेक : दिवसभर मी याची आई असते. हे एकच काम माझं होतं.

आई : मग आता मी काय म्हणू? जुळू दे, की नको जुळू दे?

लेक : काहीच म्हणू नकोस. लागला फोन.

(फोन टेबलावर, स्पीकर चालू.)

मैत्रीण : बाळ झोपलंय? मग कुजबुजते.

लेक : तुझी शून्य आहे का?

मैत्रीण : असं नाही हं. आधी तू वाच. तुझ्या बाकीतले शेवटचे आठ अंक.

लेक : सात. एक.

मैत्रीण : हं.

लेक : नुसतं हं काय? चार.

मैत्रीण : ...

लेक : बोल ना गं!

मैत्रीण : नऊ. तीन. तीन. आठ. दोन.

आई : काय झालं? तुझ्याकडे काय आहे?

लेक : नऊ. तीन. तीन. आठ. दोन.

मैत्रीण : मला कालपासून वाटत होतं, माझंच मशीन चुकलं असेल. तुझं शून्य निघेल. ...ठेवते गं.

आई : मग कशाने भाग जातो तिला?

लेक : ते नाही कळत. जातो, एवढंच कळतं.

आई : माझी चूक निघाली असती तर बरं वाटलं असतं ना तुला?

लेक : ...हो.

आई : मलाही. चौथ्या अंकापासून तेच म्हणत होते मनात.

लेक : ती दुपटी दे इकडे. ओलीच आहेत अजून.

आई : कशाला?

लेक : मशीन निवायला वेळ लागेल. टाकते परत.