रविवारचा पाहुणा

चंदीगड, १९८८. सेक्टर सतराच्या बसस्टँडवर अतिरेक्यांच्या भीतीनं पोलीस पिशव्या उघडून बघत होते. रांगेत माझ्या मागे एक जोडपं मराठीत बोलत होतं. मी वळून पाहिलं नाही.

“अहो, मिळाले का आजोबांच्या पेन्शनचे कागद?”

“मिळाले. आजोबा पहिल्या महायुद्धात, बसऱ्याकडच्या लढाईतच गेले. आजीला पेन्शन लागली होती.”

“मग एवढा उशीर?”

“पेन्शन कचेरीच्या रांगेत एक सरदारजी होता. माझ्या अर्जात डोकावून त्यानं आजोबांचं नाव मोठ्यानं वाचलं.”

“त्याला काय करायचंय?”

“म्हणाला, त्याचे आजोबा त्याच तुकडीत होते. मग विचारलं, राहता कुठे?”

“बाई गं! तुम्ही फौजी, हे कळलं त्याला?”

“माझे बारीक कापलेले केस बघून कुणालाही कळतं.”

“पत्ता नाही ना दिलात?”

“दिला. घराचा नंबर चुकीचा सांगितला.”

“बरं केलंत. पण त्याला हवं काय होतं?”

“काही नाही. रविवारी फोटो आणून देतो म्हणाला. दोघा आजोबांनी बसऱ्यात काढलेला.”

“आजोबांचा फोटो?”

“हं. खाली नावं लिहिलीत म्हणे.”

“अहो, मामंजी सत्तरीला आले. वडिलांचा चेहरा कसा होता, ते त्यांना ठाऊक नाही.”

“म्हणून तर कागदांत एखादा फोटो सापडतो का बघायला गेलो होतो ना!”

“त्या सरदारजीचं नाव काय?”

“विचारलंच नाही.”