कान्हूचा मंगळवार

...आणि वर पुन्हा हेच लोक म्हणणार, अरे, रोहा काय लांब हाय? बोलायला काय जातं हो. पेणला गाडीत बसा, कासू, नागोठणं, निडी, की आलंच रोहा, पेणला तोंडात टाकलेली तंबाखू निडीला थुंकायची, एवढंच अंतर. पण तुम्हाला सांगतो, ज्याची चूल पेणजवळ हमरापूरला आणि चूल पेटवणारी रोह्याला, त्याला विचारा लांब म्हणजे काय ते. आमच्या कान्हूला विचारा.

कान्हू आमचा शेजारी, भिंतीला भिंत. वय अठ्ठेचाळीस. गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो, म्हणजे देवाचे डोळे रंगवतो. बाकीची मूर्ती कोणीही रंगवील, डोळ्यांना मात्र कान्हूच लागतो. एवढा मोठा कारागीर, पण तोंडात शब्द नाय. बायको बायजा विचारायची, भाजी कसली करू, तर हा म्हणणार, कर. अवो पण कसली, तर म्हणणार, कर की. पोरगी दिशा लग्न होऊन बदलापूरला निघाली तेव्हा सगळा मांडव रडत होता, आणि ह्यानं तिला काय सांगावं, तर गाडीत खिडकीशी बस.

तर शहाण्णव सालचे गणपती बोळवले आणि चौथ्या दिवशी रोह्याहून निरोप आला, बायजाची आई गिरजाबाई मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. बायजा एकुलती एक लेक, दुसरं करणार कोण? दोन लुगडी पिशवीत कोंबून ती निघाली आणि जाताना म्हणाली, पंधरा दिवसांत येते. त्या पंधरा दिवसांची दिवाळी झाली, दिवाळीची संक्रांत झाली. म्हातारीला कुशीवर वळवायलासुद्धा माणूस लागतं. कान्हूनं एकदा धीर करून सुचवलं, आईला इकडंच आणू. म्हातारी पडल्या पडल्या म्हणाली, माझ्या खिडकीतून नदी दिसते, तुमच्या हमरापुरात काय दिसणार, नुसत्या सोंडा. झालं. विषय संपला. आणि आम्ही सगळे शहाणे कान्हूची समजूत घालायला, जाऊन येऊन राहा रे, रोहा काय लांब हाय?

आता घर कसं झालं असेल सांगा. बायजा होती तेव्हा हा बोलत नव्हता, पण ती बोलायची ना. ती भांड्यांशी बोलायची, मांजराशी बोलायची, भाताला कढ आला की त्याच्याशी बोलायची. ते सगळं बंद. कारखान्यातून घरी यायचं, भात टाकायचा, सुक्या जवळ्याची चटणी करायची आणि भिंतीकडं बघत जेवायचं. भिंतीपलीकडून मला त्याच्या चावण्याचा आवाज यायचा, इतकी शांतता.

टीव्ही होता घरात. बायजानं विणलेला रुमाल पांघरून कोपऱ्यात बसला होता. आणि हा कान्हू टीव्हीचा केवढा शौकीन होता म्हणता? लग्नाला थोडीच वर्षं झाली होती, गावातला पहिला टीव्ही कारखान्याच्या शेठच्या पडवीत आला, रविवारी सिनेमा, ऐंशी माणसं, बायका एकीकडं, पुरुष एकीकडं, आणि कान्हू खांबाला टेकून बसायचा, कारण तिथून पडदा अर्धा दिसायचा, पण बायजा पुरी दिसायची. मग पुढं स्वतःच्या घरी टीव्ही आला, काळा-पांढरा का होईना, आणि ह्याचं बघणं बंद झालं. आपल्या घरी आलेल्याकडं कोण बघतो? सात-आठ वर्षं बायजा एकटीच बघायची, हा पाठ करून झोपायचा.

एका संध्याकाळी त्यानं रुमाल काढला. बघायला नाय, घरात आवाज हवा म्हणून. बटण दाबलं, मुंग्या आल्या, मुंग्यांतून एक माणूस आला आणि द्राक्षाची छाटणी कशी करायची ते सांगायला लागला. कान्हूनं पुरं बघितलं. दुसऱ्या दिवशी कुक्कुटपालन. तिसऱ्या दिवशी वांग्यावरची कीड. तुम्हाला सांगतो, महिन्याभरात हा सकाळी उठून संस्कृत बातम्या ऐकायला लागला. मी विचारलं, काय कळतं रे? म्हणाला, कळत नाय, पण बाई नीट बोलते.

आणि मग लागली ती मंगळवारची मालिका, साडेसातची. मालवणकडचं एक घर, तीन बहिणी, त्यातल्या मधलीचं नाव सुनंदा. तिचा नवरा बोटीवर गेलेला, चार वर्षं झाली, पत्र नाय. थोरली म्हणते दुसरं लग्न कर, धाकटी म्हणते वाट बघ, आणि सुनंदा रोज बंदरावर जाऊन उभी राहते. बस, एवढंच. पण कान्हू त्यात गेला तो गेला. मंगळवारी साडेसहाला हात-पाय धुऊन पाटावर बसायचा, नैवेद्याला बसल्यासारखा.

आता बघितलं ते सांगायचं कोणाला? हे दुखणं वेगळंच असतं हो. चांगलं काही बघितलं की शेजारी माणूस लागतं, नायतर ते पोटात फिरत राहतं. कारखान्यात त्यानं कोणाकोणाला सांगून बघितलं. ज्या माणसानं वीस वर्षांत ब्रश दे याच्या पलीकडं वाक्य केलं नाय, तो म्हणायला लागला, थोरलीचं चुकलंच. कोण थोरली? लोक घाबरले. आणि शेठनं मूर्ती निरखून सांगितलं, कान्हू, यंदा सगळे देव कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे दिसतात, जरा हसरे कर.

रविवारी हा रोह्याला जायचा. एवढा जीव काढून जायचा आणि तिथं बोलायचं काय? औषध आणलं, तांदूळ आणले, दिशाचं पत्र आलं, दहा मिनिटांत सगळं संपायचं. मग दोघं दोन बाजूंना बसून म्हातारीचं घोरणं ऐकायची, संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत. एका रविवारी असंच बसलं असताना ह्याच्या तोंडून निघून गेलं, त्या सुनंदाला मंगळवारी मागणं आलं.

बायजा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. कोण सुनंदा?

आणि कान्हू बोलायला लागला. पहिल्यापासून. थोरलीचा नाकातला आवाज काढला, धाकटीसारखी मान वेळावली, बंदरावरचा वारा तोंडानं वाजवला. म्हातारी जागी झाली आणि म्हणाली, मला बसतं करा. त्या घरात टीव्ही नव्हता ना. सूपभर तांदूळ तसेच राहिले आणि ह्याची गाडी चुकली, एसटीनं उभ्यानं आला, पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला भिंतीपलीकडून शीळ ऐकू आली. मी म्हटलं, काय कान्हू, कसं काय? म्हणाला, रोहा काय लांब नाय.

मग दर रविवार ठरला. मंगळवारी बघायचं, चार दिवस घोळवायचं, रविवारी सांगायचं. बायजा आधी सगळी कामं उरकून बसायची, मध्ये मध्ये विचारायची, मग ती काय म्हणाली, मग ह्यानं ऐकून घेतलं? एक गोष्ट अर्ध्या तासाची, हा सांगायचा दोन तास. होळी गेली, पाडवा गेला, बायजा काही परत येत नव्हती, पण निदान रविवार येत होता.

आणि मे महिन्यात एका मंगळवारी, बरोबर सात वाजून वीस मिनिटांनी वावटळ आली, आंब्याची फांदी तारेवर पडली आणि लाइट गेली. कान्हू खांबाखाली जाऊन उभा राहिला, जसा काय त्याच्या बघण्यानं तार जुळणार होती. नाय जुळली. दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला विचारत फिरला, मालिका बघितलीत का, तर अख्ख्या गावाचीच लाइट गेलेली. आता रविवारी काय सांगायचं? रिकाम्या हातानं जायचं? चार दिवस ह्यानं विचार केला आणि पाचव्या दिवशी रोह्याला जाऊन बेधडक सांगितलं, सुनंदाचा नवरा आला.

कसा आला, तर एसटीनं. पत्र्याची ट्रंक डोक्यावर. सुनंदा विहिरीवर होती. त्याला बघून तिनं भरलेली कळशी त्याच्या हातात दिली आणि पुढं चालायला लागली, आणि तो कळशी घेऊन मागून. कान्हू सांगत होता आणि रिकाम्या हातांनी कळशी धरून दाखवत होता. म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. बायजा मात्र खाली बघत होती.

संध्याकाळी ती त्याला स्टेशनापर्यंत सोडायला आली. एरवी दारातूनच वळायची. शेजारच्या धोंडुबाईला आईजवळ बसवून आली होती. बाकावर बसल्यावर म्हणाली, "तो आला नाय."

"कोण?"

"सुनंदाचा नवरा. मंगळवारी नाय आला. पत्र आलं नुसतं, ते पण दुसऱ्या कोणाचं."

कान्हूला काही उमजेना. तेव्हा तिनं सांगितलं, धोंडुबाईकडं टीव्ही हाय. तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत ना, त्याच्या पुढच्या मंगळवारपासून आईला खाऊ घालून मी तिच्या ओट्यावर खिडकीशी उभी राहते आणि बघते. एकही चुकला नाय.

"मग इतके महिने मला सांगायला का लावलंस गो?"

बायजा रुळांकडं बघत म्हणाली, "तेवीस वर्षांत तुम्ही माझ्याशी एवढं कधी बोलला नव्हता. मला गोष्टीचं काय पडलंय. ती मालिका संपली की पुढं काय, याचीच मला भीती वाटते."

आता मला सांगा, इथं माणसानं काय बोलावं? काहीतरी बोलावं की नाय? मनात सगळं होतं हो त्याच्या. जिभेवर आलं होतं. आणि आमचा कान्हू काय म्हणाला, तर म्हणाला, गाडी आली. आणि चढला. निडी येईपर्यंत दारात उभा होता, हे त्यानंच मला सांगितलं. म्हणाला, लांब हाय रे रोहा. फार लांब हाय.

पण माणूस बोलण्यातला नसला तरी करण्यातला होता. पुढच्या रविवारी सकाळी त्यानं टीव्ही गोधडीत गुंडाळला, मी सुंभानं बांधून दिला, कौलावरची अँटेना काढली, ती खांद्यावर, आणि चालला दिव्याहून येणाऱ्या पॅसेंजरला. डब्यात लोक विचारत होते, अँटेना घेऊन कुठं? हा म्हणायचा, सासरी. टीव्ही गिरजाबाईच्या पायथ्याशी लागला, म्हणजे बायजाला कोणाच्या ओट्यावर उभं राहायला नको, आणि हा हमरापूरच्या घरात रिकाम्या कोपऱ्यासमोर. पण मंगळवारी दुपारी चारलाच त्यानं ब्रश धुतले. शेठ म्हणाला, अरे हंगाम तोंडावर हाय, हे चाळीस गणपती बिनडोळ्यांचे ठेवून चाललास कुठं? कान्हू म्हणाला, बुधवारी दिसेल त्यांना. संध्याकाळच्या गाडीनं रोहा, सकाळच्या गाडीनं परत. दर मंगळवारी. आता म्हणा, काय लांब हाय.

तुम्हाला वाटेल, झालं, गोड झालं. ऐका तर. पहिल्याच मंगळवारी तिघं टीव्हीपुढं बसली, मालिका सुरू झाली, आणि ह्याच्या पोटात आठवड्याभराचं साठलेलं, त्यानं थोरलीचा आवाज काढायला तोंड उघडलं तर म्हातारीनं काठी आपटली. म्हणाली, जावई, गप ऱ्हावा, ऐकू येत नाय. बायजाकडं बघितलं, तर तीसुद्धा ओठावर बोट ठेवून पडद्याकडंच बघत होती. मग मध्ये साबणाची जाहिरात लागली. बायजा वळली, जवळ सरकली आणि म्हणाली, हं, बोला आता.

तर हल्ली असं हाय. सुनंदाचा नवरा येवो न येवो, कान्हूला त्याचं काही नाय. पेणहून रोह्याला जातो, अर्धा तास गप बसतो, आणि साबणाची वाट बघतो.